अर्डॅप: किनाऱ्यावरच्या सगळ्यांची मोजमापं एका खिडकीत आणणारा सर्व्हर

किनाऱ्यालगतच्या पाण्याची तब्येत कुणी एकटी संस्था मोजत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांहून नमुने उचलतं, विद्यापीठाचा विभाग आपल्या प्रकल्पापुरती खाडी मोजतो, बंदराचा एखादा बॉय (पाण्यावर तरंगणारं, सेन्सर लावलेलं यंत्र) दर दहा मिनिटांनी तापमान आणि क्षारता पाठवत असतो, उपग्रहावरून क्लोरोफिल येतं ते वेगळंच. प्रत्येकाच्या फायली निराळ्या, रकान्यांची नावं निराळी, आणि "जरा डेटा पाठवता का" या ईमेलला उत्तर यायला महिना. या गुंत्यावर जगभरातल्या अनेक सागरी संस्थांनी जे सॉफ्टवेअर निवडलं, ते अर्डॅप.

निकाल आधीच सांगून टाकतो: मोजमापं वाटण्याच्या कामाला याच्या तोडीचं फुकटात दुसरं काही नाही. पण हे भलतंच सोशिक सॉफ्टवेअर आहे. चुकीचं एकक, चुकीची वेळ, शून्याच्या वेषात आलेली गैरहजेरी, सगळं निमूटपणे पोटात घेतं आणि सुबक आलेख काढून देतं. तेव्हा ते बसवणं सोपं, त्यात काय जाऊ द्यायचं हे ठरवणं अवघड.

अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेच्या मॉन्टेरे, कॅलिफोर्निया इथल्या पर्यावरण संशोधन विभागात बॉब सायमन्स यांनी ते लिहिलं. कोड खुला आहे. अमेरिकेच्या एकात्मिक सागरी निरीक्षण यंत्रणेच्या प्रादेशिक संस्था याच्यावरच डेटा देतात, युरोपच्या एमोडनेट या सागरी डेटाच्या जाळ्याचा भौतिक मापनांचा विभाग वापरतो, आयर्लंडची मरीन इन्स्टिट्यूट वापरते, आणि आपल्याकडे हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राचा स्वतःचा अर्डॅप सर्व्हर आहे. म्हणजे प्रयोगावस्थेतली वस्तू नव्हे.

चालतं कसं

मूळ फायलींना हात लावावा लागत नाही, ही यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) असो, नेटसीडीएफ (वैज्ञानिक डेटाचा फाईल-प्रकार) असो की डेटाबेसमधला तक्ता, तो जिथे आहे तिथेच राहतो. तुम्ही फक्त 'डेटासेट्स' नावाच्या एका एक्सएमएल (खुणांमध्ये माहिती लिहायच्या मजकूर-प्रकारातल्या) फाईलमध्ये त्याचं वर्णन लिहायचं: फायली कुठल्या फोल्डरात आहेत, कुठल्या रकान्याला बाहेर काय म्हणायचं, एकक काय, गैरहजर किमतीची खूण काय. त्यानंतर सर्व्हर त्या सगळ्यांना एकाच पद्धतीने उघडतो.

वापरणाऱ्याच्या हाती येते ती एक लिंक. तिच्यात डेटासंचाचं नाव असतं, मग टिंब देऊन फाईलचा प्रकार, मग प्रश्नचिन्ह, त्यापुढे हवे ते रकाने आणि अटी: वेळ १ जूनच्या पुढची, खोली २० मीटरपेक्षा जास्त, वगैरे. त्याच लिंकमधलं 'सीएसव्ही' खोडून 'एनसी' लिहिलं की नेटसीडीएफ फाईल मिळते, 'पीएनजी' लिहिलं की आलेख, 'मॅट' लिहिलं की मॅटलॅबची फाईल. कार्यालयातला माणूस एक्सेलमध्ये उघडतो, संशोधक त्याच लिंकवरून आर किंवा पायथनमध्ये ओढतो (आरसाठी 'आर-अर्डॅप' आणि पायथनसाठी 'अर्डॅपी' ही तयार पॅकेजं आहेत), आणि संकेतस्थळ बनवणारा तोच आलेख आपल्या पानावर चिकटवतो. तिघांना तीन वेळा डेटा पाठवायला कुणाला बसावं लागत नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे जोडणी. एका संस्थेचा अर्डॅप दुसऱ्या संस्थेच्या अर्डॅपवरचा डेटासंच आपल्या यादीत दाखवू शकतो. त्यासाठी एक्सएमएलमध्ये चार-पाच ओळी पुरतात. डेटा मालकाच्याच यंत्रावर राहतो, विनंती तिकडे वळवली जाते. "आमचा डेटा तुमच्या सर्व्हरवर का ठेवायचा" या वादावर इतकं चांगलं तांत्रिक उत्तर दुसरीकडे सापडत नाही. पण मालकाचं यंत्र बंद पडलं की मध्यवर्ती यादीतूनही डेटा मिळत नाही, हे आधी सगळ्यांच्या कानावर घाला. जिथे वीज आणि इंटरनेट बेभरवशाचं आहे तिथल्या संचाची स्थानिक प्रत ठेवण्याची सोय अर्डॅपमध्येच आहे, ती वापरावी. अगदी लहान प्रयोगशाळेच्या गळ्यात मात्र स्वतःचा सर्व्हर मारू नये. तिच्याकडून ठरलेल्या साच्यात महिन्याला एक सीएसव्ही घ्यावी आणि मध्यवर्ती यंत्रावर मांडावी.

काही संस्था आकडे उघडे करायला कचरतात. त्यांच्यासाठी एक सोय फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: डेटासंच लॉगिनमागे ठेवून त्याचे फक्त आलेख सगळ्यांना दाखवता येतात. वाटाघाटी अडल्या की हा मधला मार्ग कामाला येतो.

बसवताना

लिनक्सचं साधं यंत्र चालतं. दहा-पंधरा केंद्रांचे तक्ते आणि थोडे उपग्रहाचे संच असतील तर ४ कोअर आणि १६ जीबी मेमरी भरपूर झाली. त्यातली निम्मी जावाला, म्हणजे अर्डॅप ज्या भाषेत लिहिलंय तिला, द्या, सगळी देऊ नका, कारण फायली भराभर वाचायला ऑपरेटिंग सिस्टीमलाही मेमरी लागते. जावा २१ आणि टॉमकॅट १० (अर्डॅप ज्याच्या आत चालतो तो वेब-सर्व्हर) घ्या. टॉमकॅट ९ आधीपासून आहे म्हणून त्यावरच नवी आवृत्ती टाकली की ती उठतच नाही: टॉमकॅट १० मध्ये जावाच्या वेब पॅकेजांची नावं 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' अशी बदलली, त्यामुळे जुनं-नवं एकत्र नांदत नाही. डॉकरची तयार प्रतिमा, म्हणजे सगळं आधीच बसवलेला गठ्ठा, मिळते. हे सगळं टाळायचं असेल तर तीच वापरा.

पहिल्याच दिवशी हमखास येणारी अडचण म्हणजे ४०० क्रमांकाची चूक. जाळीच्या (अक्षांश-रेखांशांच्या चौकटींत मांडलेल्या, उदाहरणार्थ उपग्रहाच्या) डेटासाठी अर्डॅपच्या लिंकमध्ये चौकोनी कंस येतात आणि टॉमकॅट ते मुळातच नाकारतो. टॉमकॅटच्या 'सर्व्हर' एक्सएमएलमध्ये कनेक्टरच्या ओळीत ही चिन्हं चालवून घ्यायची परवानगी लिहावी लागते. दुसरी अडचण काही महिन्यांनी येते: हजारो लहान फायलींचा संच आणि लिनक्सची एका प्रक्रियेला १०२४ उघड्या फायलींची मर्यादा. ती सुरुवातीलाच ६५५३६ करून ठेवा. अर्डॅपच्या कामाचं मोठं फोल्डर, जिथे त्याची कॅश आणि लॉग राहतात, टॉमकॅटच्या आत ठेवू नका. वेगळ्या डिस्कवर द्या.

प्रशिक्षण वर्ग घेणाऱ्यांसाठी एक खास इशारा. एका आयपी पत्त्यावरून एकाच वेळी दोन विनंत्या चालवायच्या आणि एकूण पंधरापर्यंत रांगेत धरायच्या, ही अर्डॅपची मूळ मर्यादा आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या चाळीस जणांचा पत्ता बाहेरून एकच दिसतो. सगळ्यांनी एकदम बटण दाबलं की सर्व्हर त्यांना हल्लेखोर समजून दार लावतो आणि वर्ग बसतो. तो पत्ता आदल्या दिवशी मोकळीक दिलेल्या यादीत टाका. ही मर्यादा एरवी मात्र हवीच, कारण हल्ली संकेतस्थळं आपोआप धुंडाळणारे बॉट अर्डॅपच्या प्रत्येक लिंकवर तुटून पडतात.

नवा संच जोडताना

अर्डॅपसोबत दोन छोटी साधनं येतात. पहिलं 'जनरेट डेटासेट्स', जे एकामागून एक प्रश्न विचारतं: संचाचा प्रकार, फोल्डर, फाईलनावाचा साचा, नमुना फाईल, मथळ्याची ओळ कितवी, डेटा कितव्या ओळीपासून. उत्तरं दिली की एक्सएमएलचा कच्चा मसुदा हातात. दुसरं 'डास-डीडीएस', जे तो मसुदा तपासून चूक कुठे आहे ते दाखवतं. दोन्ही चालल्यावरच तुकडा मुख्य फाईलमध्ये चिकटवायचा. एकसारख्या, स्वच्छ सीएसव्हींचा संच अर्ध्या तासात उभा राहतो. बारा वर्षांच्या, चार जणांनी भरलेल्या एक्सेलांना आठवडाही पुरत नाही, आणि त्यातला बहुतेक वेळ अर्डॅपच्या बाहेर जातो.

मसुदा हा अंदाज असतो हे विसरू नका. नमुना फाईलमध्ये नायट्रेटच्या रकान्यात योगायोगाने सगळे पूर्णांक असतील तर साधन त्या रकान्याला पूर्णांकाचा प्रकार देऊन टाकतं, आणि पुढच्या फायलींमधली २.४ सारखी किंमत नीट वाचली जात नाही. मोजमापाच्या प्रत्येक रकान्याचा प्रकार हाताने दशांशाचा करा.

आता सगळ्यात घातक प्रकार. प्रयोगशाळा अहवालात '<०.०५' लिहिते, म्हणजे उपकरणाला दिसेल इतकंही द्रव्य सापडलं नाही. रकाना आकड्यांचा ठरवलेला, आणि 'पेक्षा कमी' हे चिन्ह आकडा नव्हे. म्हणून अर्डॅप ती किंमत गैरहजर धरतो. ना इशारा, ना चूक. समजा फॉस्फेटचे पाच नमुने आहेत: <०.०५, <०.०५, ०.४, <०.०५ आणि ०.६. तीन गळाले, उरलेल्या दोघांची सरासरी ०.५. शोधमर्यादेच्या (उपकरणाला दिसणाऱ्या किमान प्रमाणाच्या) निम्मी किंमत धरण्याची नेहमीची पद्धत वापरली असती तर सरासरी ०.२१५ आली असती. म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाण्याचे नमुने यादीतून उडाले आणि खाडी होती त्याच्या दुपटीहून अधिक घाण दिसली. उपाय सोपा आहे: अर्डॅपच्या आधी एक छोटी पायथन स्क्रिप्ट ठेवा, जी चिन्ह काढून आकडा एका रकान्यात आणि 'शोधमर्यादेखाली' ही खूण शेजारच्या रकान्यात टाकेल. निम्मं धरायचं की आणखी काही, ते विश्लेषण करणाऱ्यावर सोडा. साठवताना मूळ मर्यादा गमावू नका.

गैरहजर किमतींचंही तसंच. -९९९ वापरून ते एक्सएमएलमध्ये सांगायचं राहिलं तर आलेख उलटा पडतो आणि चूक लगेच कळते. भीती वाटायला हवी ती शून्याची. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात कांदोळीपासून सुमारे १० किलोमीटरवरच्या केंद्रावर दीर्घकाळ मोजमापं करत आली आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात आणि त्यानंतर, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन खरोखरच शून्याजवळ जातो. अशा किनाऱ्यावर कुणी 'मोजलं नाही' या अर्थाने शून्य भरलं असेल, तर ते शून्य आणि हे शून्य पुढे कुणालाही वेगळं करता येणार नाही. कागदी नोंदवही सापडली तरच सुटका.

एककांच्या बाबतीत अर्डॅप पूर्ण अलिप्त आहे. एककाच्या जागी काय लिहिलंय ते तो दाखवतो, खरं-खोटं करत नाही. विरघळलेला ऑक्सिजन आपल्याकडे तीन तऱ्हांनी नोंदला जातो: मिलीलिटर प्रति लिटर, मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि मायक्रोमोल (वजनाऐवजी रेणूंच्या संख्येवरून मोजायचं एकक) प्रति लिटर किंवा प्रति किलो. १ मिलीलिटर म्हणजे १.४२९ मिलिग्रॅम, आणि १ मिलिग्रॅम म्हणजे ३१.२५ मायक्रोमोल. ऑक्सिजन-टंचाईची जी २ मिलिग्रॅमची रेघ धरतात, ती १.४ मिलीलिटर किंवा ६२.५ मायक्रोमोल प्रति लिटर. आता एका संस्थेचा २ हा आकडा मिलीलिटरमधला आणि दुसरीचा मिलिग्रॅममधला असला की एकीचं पाणी बरं असून दुसरीइतकंच वाईट दिसतं, आणि नुसत्या आकड्यावर नजर टाकून ते ओळखू येत नाही, कारण दोन्ही शक्यतेतले आहेत. प्रति किलो आणि प्रति लिटर यांच्यात फरक समुद्राच्या पाण्याच्या घनतेइतका, अडीच टक्क्यांच्या आसपास, तो दुय्यम.

नायट्रेटचा घोळ याहून मोठा. '१ मिलिग्रॅम नायट्रेट' म्हणजे आख्खा नायट्रेट आयन की त्यातला फक्त नायट्रोजन? पहिलं असेल तर १६.१ मायक्रोमोल, दुसरं असेल तर ७१.४. फरक ४.४ पट. सामायिक यंत्रणेत पोषकद्रव्यांना मायक्रोमोल प्रति लिटर हे एकच एकक सक्तीचं केलं की हा प्रश्न मुळातून मिटतो, कारण मोलमध्ये मोजताना दोन्हींचा आकडा तोच येतो. रूपांतर अर्डॅपच्या एक्सएमएलमध्येच गुणक देऊन करता येतं, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी राहते आणि गुणक एक्सएमएलमध्ये नोंदलेला राहतो. एक्सेलमध्ये गुपचूप गुणून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. रकान्याच्या नावासोबत सीएफ परंपरेतलं (हवामान-सागरी डेटाच्या सर्वमान्य नियमांतलं) प्रमाणनाव लिहायचा आळस मात्र करू नका; वस्तुमान की मोल, हे त्या नावातच उघड होतं.

वेळ. अर्डॅप आत सगळं ग्रिनिचच्या वेळेत धरतो, आणि काही सांगितलं नाही तर तुमची फाईलही त्याच वेळेत आहे असं मानतो. आपल्या नोंदवह्या भारतीय प्रमाणवेळेत. साडेपाच तासांचा फरक तापमानाच्या मासिक सरासरीत कुणाला जाणवणारही नाही. खाडीत मात्र भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास लागतात. साडेपाच तास सरकलं की भरतीच्या वेळचा खारा नमुना जवळजवळ ओहोटीच्या वेळेला जाऊन चिकटतो आणि खाडीची क्षारता चक्क उलटी दिसते. वेळेच्या रकान्याला 'एशिया कोलकाता' हा वेळपट्टा लिहायची सोय आहे, ती वापरा. तारखेचा साचा लिहिताना महिन्यासाठी मोठ्या लिपीतला एम आणि मिनिटासाठी छोट्या लिपीतला. अदलाबदल झाली की तारखा चुकतात किंवा वाचल्याच जात नाहीत. आणि ०३/०४ हा ३ एप्रिल की ४ मार्च, हे ज्याने भरलं त्यालाच विचारा, अंदाजाने ठरवू नका.

जागेची तपासणी करायला अर्डॅपचं 'आलेख काढा' हे पान उत्तम. अक्षांश-रेखांश नकाशावर मांडले की डोंगरात पडलेले ठिपके आपोआप दिसतात. नेहमीची चूक अंश-मिनिटांची: १५ अंश ३०.६ मिनिटं म्हणजे १५.५१ अंश, पण घाईत लिहिलं जातं १५.३०६. ठिपका सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. तो पाण्यातच पडला तर नकाशाही वाचवत नाही. म्हणून केंद्रांची एक अधिकृत यादी करून प्रत्येकाला ठरलेला सांकेतिक क्रमांक द्या, आणि यादीतल्या जागेपासून दोन किलोमीटरपेक्षा दूरची नोंद स्क्रिप्टनेच अडवा. खोलीच्या जागी 'पृष्ठ', 'मध्य', 'तळ' अशी अक्षरं असतील तर त्यांचे मीटर करून घ्या, पण मूळ अक्षरही वेगळ्या रकान्यात राहू द्या. भरतीच्या वेळी तळ आठ मीटरवर आणि ओहोटीला पाचवर असू शकतो. तेव्हा नुसत्या मीटरवरून तो तळाचा नमुना होता हे कळत नाही.

गुणवत्तेच्या खुणा

अर्डॅप गुणवत्ता तपासत नाही. तो दुसऱ्याने लावलेल्या खुणा वाहून नेतो, इतकंच. आणि खुणांचे दोन मोठे संप्रदाय आहेत. अमेरिकी क्वार्टॉड पद्धतीत १ म्हणजे उत्तीर्ण, २ म्हणजे तपासलंच नाही, ३ संशयास्पद, ४ नापास, ९ गैरहजर. युरोपच्या सीडेटानेटमध्ये १ चांगलं, २ बहुधा चांगलं, ३ बहुधा वाईट, ४ वाईट, ६ शोधमर्यादेखाली. नीट बघा: दोनाचा अर्थ एकीकडे 'तपासलंच नाही' आणि दुसरीकडे 'बहुधा चांगलं'. दोन्हीकडचे संच एकाच यादीत ठेवून वापरणाऱ्याने "१ आणि २ घ्या" अशी अट लावली, तर बॉयचा कच्चा, कुणी न पाहिलेला डेटा थेट अहवालात शिरतो. पाण्याचे नमुने हा मुख्य भाग असेल तर सीडेटानेटच्या खुणा घ्या, कारण शोधमर्यादेसाठी तिथे वेगळी खूण आहे. बॉयच जास्त असतील तर क्वार्टॉड. काहीही घ्या, पण एकच. आणि खुणेच्या रकान्यात तिचे अर्थ लिहून ठेवा.

बॉयच्या डेटावर चाचण्या चालवायला 'आयूस क्यूसी' हे पायथनचं पॅकेज पुरेसं आहे: शक्य मर्यादा, ऋतुमानानुसार मर्यादा, अचानक उसळी, बदलाचा वेग, आणि सपाट रेघ. शेवटची चाचणी वगळू नका. अडकलेला सेन्सर तीच किंमत तासन्‌तास देत राहतो आणि ती किंमत मर्यादेत असते, त्यामुळे पहिल्या चाचणीतून आरामात सुटते.

आपल्या उबदार पाण्यात खरा शत्रू आहे सेन्सरवर बसणारी जीवांची पुटं. क्लोरोफिल मोजणाऱ्या काचेवर शेवाळ धरलं की आलेख हळूहळू चढत जातो आणि साफसफाईच्या दिवशी कडेलोट झाल्यासारखा खाली येतो. करवतीच्या दात्यांसारखा आलेख दिसला की पाण्यात शेवाळाचा बहर शोधत बसू नका, आधी देखभालीची नोंदवही मागवा. या साफसफाईच्या तारखांचा स्वतंत्र छोटा संच अर्डॅपवर ठेवावा असं आमचं ठाम मत आहे. फार थोडे लोक ठेवतात, आणि पाच वर्षांनी तो डेटा वापरणारा माणूस त्याच तारखांसाठी फोन फिरवत बसतो.

रोजची देखभाल

अर्डॅप संच पुन्हा तपासतो तो मुळात १००८० मिनिटांनी, म्हणजे आठवड्याने. नवी मासिक फाईल टाकली आणि पानावर दिसेना, या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. कालावधी १४४० मिनिटं करा, किंवा फाईल टाकणाऱ्या स्क्रिप्टलाच अर्डॅपच्या 'फ्लॅग' फोल्डरात संचाच्या नावाची रिकामी फाईल ठेवायला सांगा. ती दिसली की सर्व्हर तो संच लगेच नव्याने वाचतो. बॉयसारख्या सतत येणाऱ्या फायलींसाठी बदल टिपणारी वेगळी सोय आहे, पण ती स्थानिक डिस्कवरच भरवशाची. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर ती गप्प बसते.

डेटासेट्सची फाईल वाढत वाढत हजारो ओळींची होते. तिच्यात एखाद्या संस्थेच्या नावात 'आणि'साठी नुसतं अँपरसँड लिहिलं गेलं की एक्सएमएल मोडतं आणि वाचन तिथेच थांबतं. त्याखालचे सगळे नवे बदल अडकतात. फाईल गिटमध्ये (बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात) ठेवा आणि बदल चढवण्यापूर्वी एक्सएमएल तपासणारी आज्ञा सक्तीने चालवा. रोज सकाळी येणारं अहवालाचं ईमेल खरंच कुणीतरी वाचायला हवं. न चढलेल्या संचांची यादी त्यातच असते, आणि एखादा संच यादीतून गायब झालाय हे बाहेरच्याने सांगेपर्यंत थांबणं लाजिरवाणं.

काय मिळत नाही

दिसायला हे पान पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं वाटतं. भाषांच्या यादीत हिंदी आहे, पण भाषांतर यंत्राने केलेलं, आणि संचांची वर्णनं तुम्ही लिहिलेल्या भाषेतच राहतात. सामान्य नागरिकाला "या चौपाटीवर आज उतरू का" याचं उत्तर इथे मिळणार नाही. त्यासाठी पुढचं पान वेगळं बांधावं लागतं, जे मागून अर्डॅपच्या लिंक वापरेल.

मूल्यमापनही होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या एसडब्ल्यू-२ वर्गात, म्हणजे आंघोळीच्या आणि जलक्रीडेच्या पाण्यासाठी, विरघळलेला ऑक्सिजन ४ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा संपृक्ततेच्या ५० टक्के यांतलं जे जास्त तितका किमान हवा, बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) ३ मिलिग्रॅमच्या आत आणि मलजन्य कोलिफॉर्म १०० मिलीमध्ये १०० पर्यंत. हे निकष लावणारी स्क्रिप्ट तुमची तुम्हालाच लिहायची. फायदा इतका की ती स्क्रिप्ट थेट लिंकवरून डेटा ओढते, आणि तीच लिंक अहवालात छापली की कुणालाही आकडा पडताळता येतो. यातही एक खाच आहे: अर्डॅप जुन्या आवृत्त्या सांभाळत नाही. मागची फाईल दुरुस्त झाली की त्याच लिंकमधून उद्या वेगळा आकडा येतो. अहवालासाठी वापरलेला संच नेटसीडीएफ करून डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) देणाऱ्या भांडारात गोठवून ठेवा.

जीवजातींच्या नोंदी, म्हणजे तळाचे कृमी, प्लवक, मासे, यात कोंबता येतात पण शोभत नाहीत. त्यांच्यासाठी डार्विन कोअर हा जीवनोंदींचा साचा आणि ओबिस या जागतिक सागरी जीवनोंदींच्या भांडाराची वाट धरावी. ओबिसची भारतातली शाखा कोचीच्या सीएमएलआरई संस्थेकडे आहे. प्रजातींची नावं वर्म्स या सागरी प्रजातींच्या नोंदवहीतल्या क्रमांकाशी जोडून ठेवली की दोन्ही यंत्रणा एकमेकींना ओळखतात.

पर्याय म्हणून थ्रेड्स या दुसऱ्या डेटा-सर्व्हरचं नाव निघतं. प्रतिमानांच्या मोठ्या जाळीच्या डेटासाठी तो चांगलाच, पण केंद्रांच्या तक्त्यांपुढे त्याचं घोडं अडतं, आणि पाण्याच्या तब्येतीचा बहुतेक डेटा तक्त्यांतच असतो. जिओसर्व्हर नकाशांसाठी घ्या. सीकॅन फायलींचं कपाट म्हणून छान. खोलीनुसार आणि वेळेनुसार छाटून हवा तेवढाच तुकडा नेटसीडीएफमध्ये द्या म्हटलं तर तिथे जुगाड करावं लागतं.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, माणसांना पडतात. सर्व्हर सांभाळणारा अर्धवेळ चालेल. पूर्णवेळ हवा तो असा डेटा व्यवस्थापक, ज्याला विंकलर पद्धत (पाण्यातला ऑक्सिजन मोजायची रासायनिक पद्धत) आणि एक्सएमएल दोन्हींची भीती वाटत नाही. निविदेत पहिलं पद हमखास असतं आणि दुसरं हमखास राहतं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी दोनच संस्था आणि चार मापकं घ्यावीत: तापमान, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट. उपग्रहाचं पृष्ठतापमान दुसऱ्या कुणाच्या अर्डॅपवरून जोडून टाका, ते जवळपास फुकटात मिळतं आणि स्वतःच्या बॉयचा थर्मामीटर कुठे भरकटतोय ते त्याच्याशी ताडता येतं. दोन्ही संस्थांचे ऑक्सिजनचे आकडे एकाच आलेखावर, एकाच एककात, योग्य वेळेवर बसले की मग तिसरीला बोलवा. ज्यांच्याकडे फक्त एकच बॉय आणि एकच वापरणारा आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये. त्यांना नीट मथळे लिहिलेली सीएसव्ही आणि एक शेअर केलेलं फोल्डर पुरे.